पुरुषाने फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं तर: आधी काय तपासावं, किती घ्यावं, किती थांबावं

मूल हवं असलेल्या जोडप्यात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बहुधा बायकोलाच दिली जाते. पण फोलेट, म्हणजे ज्या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप फॉलिक अ‍ॅसिड आहे ते, पुरुषालाही लागतं. म्हणून मात्र त्याने परस्पर ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू करू नये.

वृषणात शुक्राणू घडताना पेशी सतत विभागत असतात आणि दर वेळी डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते. डीएनएच्या चार घटकांपैकी एक असलेलं थायमिन (ब१ जीवनसत्त्व नव्हे) बनवायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की थायमिनच्या जागी युरॅसिल हा चुकीचा घटक बसतो. पेशी ते काढून टाकायला जाते आणि या दुरुस्तीत डीएनएचे धागे तुटतात. फोलेटचं दुसरं काम रक्तातल्या होमोसिस्टीनपासून मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनवण्याचं. डीएनएवर खुणेसारखे लागणारे मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) त्यातूनच मिळतात. हे काम मात्र ब१२ जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. ब१२ कमी असेल तर फोलेट मिथाइल रूपातच अडकून पडतं.

म्हणून पहिली तपासणी ब१२ची. हे वगळून फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस घेतला तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. सीरम (रक्तद्रवातलं) फोलेट गेल्या काही दिवसांच्या जेवणाबद्दल सांगतं; गेल्या तीनेक महिन्यांचा साठा कळायला तांबड्या पेशींमधलं फोलेट पाहावं. होमोसिस्टीन साधारण १५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असावं. त्याचा नमुना बर्फात ठेवून त्यातल्या रक्तपेशी लवकर वेगळ्या केल्या नाहीत तर आकडा खोटाच वाढतो, तेव्हा एका वाढीव रिपोर्टवर घाबरू नका. फोलेट वापरायला लागणारं एक एन्झाइम बनवणाऱ्या एमटीएचएफआर जनुकाच्या चाचणीवर खर्च करू नये असं आमचं मत आहे. या जनुकातला सी६७७टी नावाचा बदल दोन्ही प्रतींत असला तर ते एन्झाइम मंदावतं हे खरं, पण करायच्या गोष्टी त्याने फारशा बदलत नाहीत.

वीर्यतपासणी २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर करा. नमुना घरून न्यायचा असेल तर अंगालगत ठेवून तासाभरात पोहोचवा; थंड पडला तर हालचाल कमी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा अशी: मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

प्रौढ पुरुषाची रोजची गरज ४०० मायक्रोग्रॅम. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात सुमारे १८०, काबुली चण्यात १७०, पालकात १४५ मिळतात. फोलेट पाण्यात उतरतं आणि उष्णतेने नासतं, म्हणून भाजी वाफवा. उकळलीच तर पाणी फेकू नका. आहार कमी पडत असेल तर ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पुरेशी आहे. गोळीतून दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या वर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जाऊ नये.

मोठ्या डोसाचं काय होतं ते २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. २३७० जोडप्यांपैकी निम्म्या पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक सहा महिने दिलं. मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, शुक्राणूंची संख्या किंवा हालचालही सुधारली नाही. उलट डीएनए तुटण्याचं प्रमाण किंचित जास्त आढळलं आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या. फोलेटची कमतरता भरून काढणं आणि गरज नसताना भर घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासालाझिन (संधिवातासारख्या आजारांची औषधं) किंवा फेनिटोइन (फिट्सचं औषध) चालू असेल तर स्वतःहून काहीही सुरू किंवा बंद करू नका. फॉलिक अ‍ॅसिडमुळे फेनिटोइनची रक्तातली पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. सल्फासालाझिन स्वतःच शुक्राणू घटवतं. डॉक्टरांनी औषध बदललं की काही महिन्यांत संख्या सावरते.

शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे अधिवृषणातून (वृषणामागच्या नळीतून) बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. गोळीचा परिणाम पाहायला महिन्याभरात केलेली फेरतपासणी त्यामुळे वाया जाते. तीन महिने पूर्ण होऊ द्या. तेव्हाही आकडे खालीच असतील तर डोस वाढवू नका, मूत्ररोगतज्ज्ञांकडून व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं) आणि हार्मोन्स तपासून घ्या.