गोठलेल्या दवापासून हिरवळ कशी वाचवावी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरला की कधी कधी दव गोठून गवतावर पांढरा थर धरतो, आणि त्याच सकाळी लग्नाच्या लॉनवर खुर्च्या उतरवायला माणसे येतात. नुकसान थंडीपेक्षा त्यांच्या पावलांनी अधिक होते. गोठलेले पाते ठिसूळ असते. पाऊल पडताच आतल्या पेशी फुटतात आणि उन्हे चढेपर्यंत चपलेचा ठसा काळपट, मग तपकिरी उमटतो. हरळीची वाढ थंडीत जवळपास थांबलेली असल्याने तो ठसा लवकर बुजत नाही.

तयारी नोव्हेंबरपासूनच करावी. गवत फार खुडून कापू नये, आणि युरिया थांबवावा, कारण त्याने आलेली कोवळी, पाणीदार फूट सर्वांत आधी गोठते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर त्या दिवशी दुपारपूर्वीच पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त धरून ठेवते. बातमीतल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. ते तापमान जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर मोजलेले असते. शांत रात्री गवताशी ते ३-४ अंशांनी कमी असू शकते, म्हणून एक साधा तापमापक गवतावरच ठेवावा. लहान तुकडा झाकायचा असल्यास बांबूवर गोणपाट ताणावे, ते पात्यांना टेकू देऊ नये. द्राक्षबागेत पेटवतात तशा शेकोटीचा उघड्या हिरवळीवर फारसा उपयोग नाही.

पहाटे दोरी बांधून रस्ता बंद करावा आणि पांढरेपणा आपोआप जाईपर्यंत थांबावे. थंड देशांतील गोल्फ मैदानांवरही याच कारणाने सकाळचा खेळ उशिरा सुरू करतात. भिंतीच्या सावलीतला पट्टा सर्वांत शेवटी मोकळा होतो, तो हाताने चाचपून पाहावा. घाईच असेल, तर विहिरीचे कोमट पाणी तुषारने हलके फवारावे, पण हवा शून्य अंशाच्या वर असेल तरच; नाहीतर तेच पाणी बर्फ होते. झाडूने दव झाडू नये.

डाग पडलाच, तर खत ओतू नये. मुळे जिवंत असल्यास होळीच्या सुमारास हरळी स्वतःहून फुटते. तोवर त्या जागेवर खुर्च्यांची रांग लावू नये.