फिनॉलची बाटली, नांदेडचा मे महिना अन् माझं बोट

यंदा एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीला ॲडमिशन घेतलेल्यांसाठी लिहायलोय. पहिलं म्हणजे फिनॉल वेगळं अन् फरशी पुसायचं फिनाईल वेगळं. हसू नका, आमच्या बॅचला दोघं-तिघं असेच समजून होते.

शुद्ध फिनॉलचे पांढरे खडे असतात, हवा-उजेड लागला की गुलाबी पडतात, वास जुन्या दवाखान्यासारखा. तो वास उगाच नाही, १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जननं जखमा सडू नयेत म्हणून हेच वापरलं, तेव्हा नाव होतं कार्बोलिक ॲसिड. आजीच्या घरचे ते लाईटचे काळे बटनं, बॅकेलाईट नावाच्या प्लास्टिकचे, तेही फिनॉल अन् फॉर्मल्डिहाईडपासूनच. बायोटेकवाले पेशीतून डीएनए काढायलाही हेच वापरतात.

आता मेन गोष्ट. हे वितळतं साधारण ४०.५ डिग्रीला, ओल धरली तर त्याच्याही आधी. हिवाळ्यात बाटलीत दगड होऊन बसतं, कोमट पाण्यात ठेवून पातळ करावं लागतं. पण आमची स्टोअर रूम पत्र्याची, मे महिना, लाईट गेलेली, अन् मी आपला घट्टच असंल म्हणून चमचा घालायला बाटली तिरकी केली तर आत सगळं पाणी झालेलं, दोन-तीन थेंब डायरेक्ट बोटावर.

अन् दुखलंच नाही! तिथंच फसलो. फिनॉल कातडी जाळतं पण आधी नसा बधिर करतं. बोट पांढरं पडलं तरी ॲप्रनला पुसून मी फिनॉल ओळखायची फेरिक क्लोराईडची टेस्ट करत बसलो, जांभळा रंग आला म्हणून खुश. अर्ध्या तासानं आग सुरू झाली तेव्हा लॅबमधल्या मामांनी बघितलं, आधी शिव्या घातल्या, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४००, म्हणजे फिनॉल विरघळवून घेणारं द्रव, कापसावर घेऊन परत परत पुसलं अन् दवाखान्यात नेलं. तो ग्लायकॉल नसंल तर नळाखाली धो धो पाणी सोडा, थोडक्या पाण्यानं उलट पसरतं. कपड्यावर सांडलं तर लाजू नका, कपडे लगेच काढा, कारण कातडीतून रक्तात जातं, मोठ्या भागावर पडलं तर माणूस मरू शकतो. ते पातळ निळे नायट्राईल ग्लोव्हज तीव्र फिनॉलला टिकत नाहीत, ब्यूटाईल किंवा निओप्रीन रबराचे मागून घ्या, चष्मा लावा, फ्युम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या लॅबच्या कपाटातच, बाटली उघडा.

माझ्या बोटाची कातडी तपकिरी होऊन आठवड्यानं निघाली. मामा अजून मला गुलाबी बाटली म्हणूनच हाक मारतात.