झाकणात पाणी ठेवूनही भाजी लागते? या चुका टाळा

भरली वांगी, सुरण, तोंडली, बटाट्याच्या काचऱ्या. आपल्याकडे या भाज्या पाणी न घालता किंवा जेमतेम एक हबका मारून, वर पाण्याचं ताट ठेवून शिजवतात. अशा वाफेवरच्या भाजीची चव कुकरमधल्या भाजीला येत नाही, असं माझं ठाम मत आहे. तरी तक्रार नेहमीचीच: ताट ठेवलं होतं, पाणी होतं, तरी भाजी खाली लागली आणि वरची वांगी दडदडीत राहिली.

अशा वेळी मी आधी एकच विचारते, ताटातलं पाणी कसं दिसत होतं? बहुतेकींनी ते बघितलेलंच नसतं.

भाजीची वाफ वर जाते, ताटाच्या गार बुडाला लागून तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब परत भाजीत पडतं. ताट गार राहावं म्हणून तर वर पाणी. तेच पाणी खदखदू लागलं की ताटही वाफेइतकंच तापतं, मग वाफेचं पाणी होत नाही आणि ती कडेनं निघून जाते. खाली भाजी कोरडी पडते आणि लागते. म्हणून ताटातल्या पाण्यावरून नुसत्या वाफा निघत असाव्यात. बुडबुडे दिसले की आच मोठी आहे असं समजा, गॅस बारीक करा. ते गरम पाणी वाटीत काढून ठेवा आणि ताटात पुन्हा गार पाणी ओता.

वाटीतलं पाणी टाकू नका. भाजीला पाणी लागलंच तर तेच घालायचं. नळाचं गार पाणी घातलं की भाजीची उकळी मोडते, शिजणं थांबतं आणि रसाही पाणचट लागतो.

ताट कुठलं, यालाही महत्त्व आहे. खोलगट हवं, पातेल्याच्या काठाबाहेर चारी बाजूंनी दोन बोटं येईल एवढं. काचेच्या झाकणाला वाफेसाठी भोक असतं आणि वर मूठ असते, त्यामुळे ते इथे कामाचं नाही. पातेलं पातळ बुडाचं असेल तर खाली जाड लोखंडी तवा सरकवा. माझ्या आजीच्या चुलीला आच कमी-जास्त करायची कळ नव्हती. भाजीला पहिली सणसणीत वाफ आली की ती लाकडं मागे ओढायची आणि पुढचं निखाऱ्यांवर व्हायचं. गॅसवर आपल्याला तेच करायचंय: पहिली वाफ मोठ्या आचेवर, बाकी सगळं मंद.

भरली वांगी बिघडतात ती बहुधा उतावळेपणानं. दर दोन मिनिटांनी ताट उचललं की कोंडलेली वाफ जाते आणि ती पुन्हा धरायला वेळ लागतो. वांगी एका थरात, देठ वर करून लावा. पहिली वाफ आल्यावर सात-आठ मिनिटं हात लावू नका. मग ताट आपल्यापासून लांबच्या बाजूनं उचला, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. वांगी कालथ्यानं एकदाच उलटा. देठाजवळ सुरी सहज गेली तर झाली. देठाजवळचा भागच शेवटी शिजतो, पोटाला टोचून फसू नका.

करपल्याचा वास आलाच तर ढवळू नका, खरवडू नका. वरची भाजी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, तळ तसाच सोडा. ढवळलं की वास सगळ्या भाजीला लागतो.

आंबट कधी घालायचं, ही दुसरी मोठी चूक. वालाची उसळ किंवा बटाटा शिजायच्या आत आमसूल, चिंच, टोमॅटो पडलं की दाणा गणंग राहतो, मग कितीही वाफा काढा. आधी बोटचेपं होऊ द्या, मग आंबट-गूळ. सुरण आणि अळू मात्र वेगळे: खाजरेपणा मारायला त्यांना आंबट आधीपासून लागतं.

झाकण सगळ्यांना चालत नाही. भेंडी झाकली की तार सुटते. पालेभाजी झाकून ठेवली की तिचा हिरवा रंग जातो, ती उघडीच परता.

आजीचं पितळी पातेलं वापरत असाल तर कल्हई शाबूत आहे का बघा, नसेल तर त्यात आंबट शिजवू नका. कल्हई कथलाची असते आणि कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून पातेलं कोरडं तापत ठेवू नका आणि फोडणीचं तेल धूर येईपर्यंत जाऊ देऊ नका.

रायगडकडे थंडीत पोपटी लावतात, तिथे तर झाकणही नसतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा भरायच्या, तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. पाला सैल कोंबला तर वाफ जाते आणि शेंगा जळतात. अर्ध्या तासानं जाणती माणसं मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्र करून पाणी तिथल्या तिथे उडालं की जाळ बाजूला करतात.