कॉलेज करावं की नाही? ठरवताना या चुका टाळा

शाळेचा शेवटचा निकाल लागला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, पदवीशिवाय कुणी दारात उभं करत नाही. दुसरा म्हणतो, पदवीधर ढिगानं पडलेत, त्यापेक्षा हाताला काम शीक. उदाहरणं दोघांकडेही असतात आणि दोघांचीही खरी असतात. घोळ प्रश्नातच आहे. ‘कॉलेज करावं का’ एवढ्याच प्रश्नाला उत्तर नसतं. हा अभ्यासक्रम, या ठिकाणी, एवढ्या खर्चात, आणि तो केला नाही तर त्याच वर्षांत दुसरं काय, असं विचारलं की उत्तर सापडू लागतं.

फी हाच खर्च समजणं

माहितीपत्रकात छापलेली फी हा खर्चाचा एक तुकडा. राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं हे लोक मागाहून तरी धरतात. कमाई बुडते ती मात्र सहसा कुणीच धरत नाही. चार वर्षं वर्गात बसलात म्हणजे चार वर्षांचा पगार आणि चार वर्षांचा कामाचा अनुभव सोडलात. अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक आकडा मांडा. समजा १०० रुपये कर्ज दर वर्षाच्या सुरुवातीला २५ असं चार वर्षांत उचललं, व्याज ९ टक्के, आणि शिक्षण संपेपर्यंत व्याज मुद्दलात मिळत गेलं. पदवी हातात येते तेव्हा देणं सुमारे १२५ झालेलं असतं. पुढे ते दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडलं तर एकूण १९० च्या आसपास जातात. म्हणजे शंभराची पदवी जवळजवळ दुपटीला पडली. म्हणून कर्ज काढूच नये असं मी म्हणणार नाही. पण ‘परवडेल’ हा शब्द हप्त्याचा आकडा काढल्यावरच उच्चारावा.

सरासरीवर विसंबणं

पदवीधर सरासरीनं जास्त कमावतात, हे बहुतेक देशांत खरं आहे. पण या तुलनेत पदवी पूर्ण केलेलेच येतात. अर्ध्यावर सोडलेले ‘पदवीधर’ या रकान्यात कधी बसत नाहीत. त्यांच्या डोक्यावर फी किंवा कर्ज असतं, आणि हातात पदवी नसते.

या सगळ्या निर्णयात मला सर्वांत मोलाचा वाटणारा, पण घरात कुणी न विचारणारा प्रश्न हा: मी हे पूर्ण करीन का? ज्या विषयात शाळेतच कसंबसं तरलो, तोच पुढे चार वर्षं घ्यायचा आहे का? घरची पैशाची सोय पहिल्याच वर्षाची आहे की शेवटच्या वर्षापर्यंतची? कॉलेजला विचारताना नोकऱ्या किती जणांना लागल्या एवढ्यावर थांबू नका. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत बाहेर पडले तेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्यातूनही कळायचं ते कळतं.

शिवाय सरासरीत सगळ्या शाखा एकाच पातेल्यात ढवळलेल्या असतात. तुम्ही निवडलेल्या शाखेचं काय, हे त्या आकड्यातून कळत नाही.

गेट्स आणि जॉब्जचे दाखले

कॉलेज सोडूनही मोठं होता येतं, याला हे दाखले दिले जातात. मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सनं १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं, फेसबुकच्या मार्क झुकरबर्गनं २००४ मध्ये. पण क्रम नीट पाहा. दोघांचंही काम कॉलेजात असतानाच उभं राहिलं होतं, आणि ते हाताबाहेर वाढलं म्हणून कॉलेज सुटलं. गेट्सला पुढे मायक्रोसॉफ्ट सांभाळणारा स्टीव्ह बामर भेटला तोही हार्वर्डमध्येच. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं रीड कॉलेजातून सहा महिन्यांत नाव काढलं खरं, पण त्यानंतरही तो सुलेखनाच्या वर्गाला जाऊन बसत होता. कॉलेज सोडून ज्यांचं काहीच जमलं नाही त्यांच्यावर कुणी चरित्र लिहीत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

पदवी नेमकं काय देते हे न पाहणं

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरनं मांडलेल्या मानवी भांडवलाच्या विचारानुसार शिक्षणानं माणसाचं कौशल्य वाढतं, म्हणून पगार वाढतो. दुसरा अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यानं १९७३ मध्ये वेगळी बाजू पुढे आणली: पदवी हा मालकाला दिलेला संकेत असतो, हा माणूस चिकाटीचा आहे, एवढा. प्रत्यक्षात दोन्हींचं मिश्रण असतं आणि प्रमाण क्षेत्रागणिक बदलतं. डॉक्टर व्हायचं तर पदवी आणि परवान्याशिवाय वाटच नाही, तिथे वाद संपला. सॉफ्टवेअर, डिझाइन, विक्री अशा ठिकाणी केलेलं काम दाखवून आत जाता येतं, पण पहिली चाळणी पुष्कळदा पदवीचीच लागते.

तपासायची रीत सोपी आहे. हव्या असलेल्या कामाच्या वीस जाहिराती काढा आणि पदवी ‘आवश्यक’ किती ठिकाणी, ‘असल्यास उत्तम’ किती ठिकाणी, ते मोजा. वरच्या पदांच्या जाहिरातीही घ्या. काही ठिकाणी आत शिरायला पदवी लागत नाही, बढतीला लागते.

नावावर भाळणं

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही दुसरीकडे शिकलेल्यांची कमाई साधारण तेवढीच निघाली. गरीब घरच्या मुलांना मात्र नामांकित जागेचा फायदा दिसला. तेव्हा नुसत्या नावासाठी दुप्पट कर्ज काढण्याआधी थांबा.

कॉलेज नाही, तर काय, हे कोरं ठेवणं

‘काहीतरी काम शिकेन’ याला बेत म्हणत नाहीत. कोणाकडे, काय, किती महिने, त्या काळात हातात किती पैसे, हे सांगता आलं तरच तुलना होते. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातला थोडा वेळ शाळेत आणि बाकीचा कंपनीत काढतो, साधारण दोन ते साडेतीन वर्षं, आणि त्याला पैसेही मिळतात. असा बांधीव मार्ग तुमच्या क्षेत्रात असेल तर तो कॉलेजसमोर मांडण्यासारखा पर्याय आहे. नसेल, आणि कामही ठरलेलं नसेल, तर वर्ष नुसतं मोबाइलवर सरतं.

प्रवेश घेतला आणि आता पटत नाही

आधी नेमकं काय बिनसलंय ते वेगळं काढा. विषय नकोसा झालाय, गाव मानवत नाही, की पैसे संपत आलेत? विषय नको असेल तर शाखा बदलून पाहा. गाव नको असेल तर दुसऱ्या कॉलेजात जाताना आतापर्यंतचे गुण किंवा श्रेयांक (क्रेडिट) मोजले जातील का, हे विचारा. पैशाची अडचण असेल तर कार्यालयात जाऊन शिष्यवृत्ती, हप्ते किंवा अर्धवेळ नोंदणी यांची चौकशी करा, आणि ती फी थकायच्या आत करा.

‘एवढे पैसे घातलेत, आता कसं सोडू’ हे कारण मात्र यादीतून काढून टाका. गेलेले पैसे दोन्ही वाटांवर गेलेलेच आहेत. इथून पुढे किती लागतील आणि पुढे काय मिळेल, एवढंच तोला. एकच सेमिस्टर उरलं असेल तर हा हिशेब बहुतेक वेळा ‘पूर्ण कर’ असाच निघतो.

सोडायचंच ठरलं तर नुसतं जाणं बंद करू नका. फी परत मिळण्याची शेवटची तारीख बघा, रजेचा किंवा नाव काढण्याचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. गैरहजेरीनं नापास झालेले विषय गुणपत्रिकेवर राहतात, आणि पुढे कधी परतावंसं वाटलं तर आधी त्यांचाच खुलासा द्यावा लागतो.