सेल लागण्याआधी खातं घट्ट करून घ्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या इंदूरच्या रामबागेत कुठल्या ना कुठल्या घरी नवा लॅपटॉप येतो, आणि जूनच्या शेवटाला स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचा समर सेल लागतो. गेल्या वर्षी माझा भाचा त्या सेलकडे डोळे लावून बसला होता. चार दिवस उरले असताना इन्स्टाग्रामवर कुणीतरी त्याला अडीच हजारांचा गेम १९९ रुपयांत देऊ केला. त्याचं नाव म्हणे 'ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन'. पैसे पोचताच समोरच्याने एक युजरनेम आणि पासवर्ड पाठवला: लॉगिन कर, गेम उतरव, मग नेट बंद ठेवूनच खेळ. वीसेक दिवस चाललं. मग एका संध्याकाळी पासवर्ड बदललेला आणि चॅट ब्लॉक. तोवर खरा सेलही संपून गेला होता. पैशांचं मला फार वाटलं नाही. पण त्या माणसाने दिलेली एक फाइल चालवण्यासाठी पोराने अँटिव्हायरस बंद केला होता, हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. त्याच लॅपटॉपवर ताईचं नेट बँकिंग उघडलं जायचं.

म्हणून यंदा तयारी आधीपासून. डिजिटल गेम घेतला की हातात सीडीची डबी येत नाही, आपल्या खात्यावर खेळण्याचा परवाना जमा होतो. २०२४ पासून स्टीम हे पैसे भरायच्या पानावरच स्पष्ट लिहितं. खातं गेलं तर पाच वर्षांत घेतलेले सगळे गेम एका झटक्यात जातात, तेव्हा सुरुवात खात्यापासून करा. ते स्वतःच्या ईमेलवर उघडा, कॉलेजच्या किंवा मित्राच्या नको. आधी त्या ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, मग फोनवर स्टीम गार्ड, म्हणजे स्टीमची स्वतःची तशीच पडताळणी, चालू करा. त्यात मिळणारा रिकव्हरी कोड कागदावर उतरवून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. फोनच्या गॅलरीत त्याचा स्क्रीनशॉट ठेवला आणि फोनच हरवला, तर तो कोड काय कामाचा? मित्राच्या खात्यावरून 'चुकून तुझी तक्रार झाली, या अ‍ॅडमिनशी बोल' किंवा 'आमच्या टीमला मत दे' असा मेसेज आला तर त्या मित्राला फोन लावा. बहुतेक वेळा त्याचं खातं आधीच चोरीला गेलेलं असतं. आलेल्या लिंकवर कधीच लॉगिन करू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

दुकानं मोजकीच पुरतात: स्टीम, एपिक, गॉग, मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि गेम बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची साइट. एखादी अनोळखी साइट खरी की खोटी हे कळत नसेल, तर गेमच्या अधिकृत साइटवरचं खरेदीचं बटण कुठे नेतं ते पाहा. एपिक दर आठवड्याला किमान एक गेम फुकट देतं, त्यामुळे हात तंग असला तरी चोरीचा गेम उतरवण्याचं कारण उरत नाही. गॉगवरच्या गेमला कॉपी रोखणारं कुलूप नसतं, इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर जपून ठेवता येतो. मला हे दुकान त्यासाठीच आवडतं. स्वस्त 'की', म्हणजे गेम खात्यात जमा करणारे कोड, विकणाऱ्या बाजारापासून मात्र लांब राहा. तिथल्या काही की चोरलेल्या कार्डांवर घेतलेल्या असतात. खरा कार्डधारक बँकेत तक्रार करतो, पैसे परत जातात, कंपनी की रद्द करते आणि महिन्याभराने गेम तुमच्या लायब्ररीतून नाहीसा होतो. बाहेरून घेतलेल्या कीचे पैसे स्टीमही परत देत नाही.

लॅपटॉप अजून घ्यायचा असेल तर जेल रोडवरच्या दुकानांत जाण्याआधी हव्या त्या गेमच्या पानावरच्या किमान गरजा कागदावर लिहून न्या. सायबरपंक २०७७ ला किमान १२ जीबी रॅम आणि एसएसडीवर ७० जीबी जागा लागते. 'सब चलेगा भिया' या उत्तरावर पैसे मोजू नका, ग्राफिक्स कार्डाचं नाव बिलावर लिहून घ्या.

पैशांची बाजू सोपी आहे. स्टीमवर दर रुपयांत दिसतात आणि यूपीआय चालतं. दर डॉलरमध्ये असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार तेवढ्यापुरता चालू करा, मर्यादा कमी ठेवा, काम झालं की बंद करा. मुलाच्या खात्यावर कार्ड जतन करू नका; लागेल तेवढेच पैसे वॉलेटमध्ये भरा. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाच्या दरात घ्यायचा मोह नको, त्याने खात्यावर निर्बंध येऊ शकतात. आणि कुणी 'रिफंड देतो, पिन टाक' म्हणालं तर तिथेच थांबा, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आता परतीची अट. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. पण गेम उघडून नुसत्या मेनूत बसलं तरी ते घड्याळ चालूच राहतं. म्हणून गेम उघडा ठेवून जेवायला जाऊ नका. पहिल्याच बैठकीत सेटिंग लावा, अर्धा-पाऊण तास खेळा, लॅपटॉप तापतो का, चित्र अडकतं का ते बघा आणि त्याच रात्री ठरवा. गॉगवर हीच मुदत ३० दिवसांची आहे.

इतकं करूनही पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, चॅटचे आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट काढा, काहीही डिलीट करू नका. तक्रार जितक्या लवकर नोंदवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलांना आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर घरात कुणी ओरडणार नाही. माझ्या भाच्याने भीतीपोटी आठ दिवस तोंड उघडलं नव्हतं.