टाइमशेअर रिसॉर्टमधल्या ऍक्टिव्हिटी: खर्च कुठून काढायचा आणि पैसे कशाला लावायचे

कोकणातल्या एका टाइमशेअर रिसॉर्टमधे, म्हणजे एकदा मेंबरशिप घेऊन दरवर्षी ठरावीक दिवस राहायला येतात तशा ठिकाणी, मी चार वर्षं ऍक्टिव्हिटी डेस्क सांभाळलंय. मे महिन्यातली एक दुपार अजून डोळ्यासमोर आहे. एक बाई दोन मुलांना घेऊन मास्क रंगवायला आल्या, बोर्डवर २५० रुपये लिहिलेले, त्यांनी पर्स उघडली, जरा थांबल्या आणि मोठ्याला म्हणाल्या, "तू बघ रे, छोटूला रंगवू दे." तो पोरगा अर्धा तास स्टुलावर बसून भावाचा ब्रश बघत होता. तो मास्क आम्हाला रंगासकट ३५ रुपयांना पडायचा. लाखांत मेंबरशिप, वर वर्षाची फी, आणि इथे येऊन पोराला नाही म्हणायची वेळ. हे चूक आहे, आणि हिशेब नीट मांडला तर टाळता येतं.

आधी एकच आकडा काढा: ऍक्टिव्हिटीचा खर्च दर खोली, दर रात्र किती. समजा ६० खोल्या आहेत आणि वर्षभरात सरासरी ७० टक्के भरतात, म्हणजे रोज ४२ खोल्या, वर्षाच्या १५,३३० रात्री. डेस्कवर तीन माणसं, पीएफ, जेवणखाण धरून प्रत्येकी महिना २२,००० म्हणजे वर्षाचे ७,९२,०००. रंग, कागद, बॅटबॉल, कॅरमची पावडर, स्पीकरची दुरुस्ती असं सगळं महिना १५,००० धरलं तर १,८०,०००. दर शनिवारी नमन किंवा दशावतारातले दोन-तीन कलाकार बोलावले तर महिना २०,०००, म्हणजे आणखी २,४०,०००. एकूण १२,१२,०००, आणि भागिले तर एका रात्रीला साधारण ७९ रुपये. सात रात्री राहणाऱ्या मेंबरमागे ५५३! एवढे पैसे वर्षाच्या फीमधूनच काढायचे, आणि फीच्या बिलावर त्याची वेगळी ओळ दाखवायची. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मालकांची असोसिएशन असते, तिच्यासमोर वर्षाचं बजेट येतं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसती वापराची मेंबरशिप असते आणि फी कंपनी ठरवते, म्हणून तर ती ओळ छापणं जास्त गरजेचं.

मग गेस्टला वेगळे पैसे कोणत्या गोष्टीचे लावायचे? माझा नियम साधा आहे, आणखी एक माणूस आला तर खर्च वाढतो का ते बघा. हाऊजी, अंताक्षरी, सकाळचा योगा, बीचवर फेरी, मुलांची खोली, यात दहा आले काय आणि चाळीस आले काय, खर्च तोच, त्यामुळे फुकट. मास्कसारखं ३०-४० रुपयांचं सामान लागतं ते पण मुलाला मुक्कामात एकदा फुकट द्या, दुसऱ्यांदा हवं असेल तर सामानाचे पैसे घ्या. बाहेरचा माणूस, गाडी, बोट, इंधन आलं की तिकीट लावायला हरकत नाही.

तिकीट काढताना सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा मोजण्यात. कुंभारकाका दिवसाचे १,५०० घेतात, दोन बॅचमधे २० जण बसू शकतात, म्हणून ७५ रुपये, अधिक माती आणि पॅकिंगचे ३०, झाले १०५, असं कागदावर छान दिसतं पण रोज २० येतात कुठे, १४ येतात. १,५०० भागिले १४ म्हणजे १०७, अधिक ३०, म्हणजे १३७. तिकीट १५० अधिक टॅक्स ठेवा, आणि बोर्डवर टॅक्स धरूनच आकडा लिहा, चेकआउटच्या बिलात नवीन काही उगवलं की माणूस चिडतोच.

बोटवाले आणि बैलगाडीवाले यांच्याशी टक्केवारी ठरवताना हात आखडता ठेवा. आमच्याकडे मधे ४० टक्के कमिशन लावलं होतं, गेस्ट गेटबाहेर गेले, किनाऱ्यावर दर विचारला आणि तिकडूनच बसले, आम्हाला शून्य मिळालं आणि वर लुटारू म्हणून नाव झालं. बाहेरच्या दरापेक्षा फार तर १०-१५ टक्के जास्त घ्या, आणि तेही लाइफ जॅकेट, परवाना, इन्शुरन्स तुम्ही खरंच तपासत असाल तरच, आणि मग ते गेस्टला सांगा पण.

दिवाळीत आणि मे महिन्यात दर वाढवायचा मोह होतो. मेंबरने आधीच महागड्या सीझनचे जास्त पैसे भरून ठेवलेले असतात, त्यालाच पुन्हा का चोळायचं? दर तोच ठेवा, बॅच वाढवा. ऑनलाइन खोली बुक करून आलेल्यांचं वेगळं, ते वर्षाची फी भरत नाहीत, त्यांच्या भाड्यातच ते ७९ रुपये बसवा, मग डेस्कवर कोण मेंबर नि कोण नाही हे विचारायलाच लागत नाही. आरसीआयसारख्या एक्सचेंजमधून, म्हणजे आपल्या रिसॉर्टमधले दिवस देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधे राहायच्या अदलाबदलीतून, आलेला गेस्ट मात्र मेंबरसारखाच, त्याने त्याच्या रिसॉर्टमधे फी भरलेली असते आणि उद्या आपला मेंबर तिकडे जाणार असतो.

राहिला पाऊस. त्याने बोट कधीतरी रद्द होणारच, तेव्हा पैसे "पुढच्या वेळी वापरा" म्हणून अडकवू नका, पुढची वेळ एक वर्षाने येते. त्याच संध्याकाळी खोलीच्या बिलातून ते वजा करा आणि गेस्ट विचारायच्या आधी फोन करून सांगा.