गावाचा इतिहास शोधताय? आधी सुहूर सन पक्का करा

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर बघायला जाणाऱ्यांना मोडीची बाराखडी येत असते आणि रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा हेही ठाऊक असतं. घात होतो तो तारखेत. गावाचा अख्खा इतिहास बारा-तेरा वर्षं इकडचा तिकडे होतो आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

कागदावर 'छ 5 जमादिलाखर, सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' असं असतं. 'छ' म्हणजे चंद्र, महिन्यातली तारीख; 'सु॥' म्हणजे सुहूर सन. हे अरबी अंक एककापासून वर वाचायचे. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1161. इथे नवखा माणूस हिजरी सनाचं कोष्टक उघडतो आणि इ. स. 1748 काढतो. साफ चूक. महिना आणि चंद्र हिजरी असले तरी सन सुहूर आहे. तो सौर आहे आणि मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबरमधल्या कागदाला 599 मिळवायचे, जानेवारी ते मेमधल्या कागदाला 600. वरचा कागद जानेवारी 1761 चा, ऐन पानिपतच्या दिवसांतला.

आता खरी खोच. चांद्र वर्ष 354 दिवसांचं आणि सुहूर वर्ष 365 दिवसांचं, त्यामुळे दर सुहूर सनात दहा-अकरा चंद्र दोनदा येतात. याच 1161 मध्ये सवाल महिन्याचा शेवटचा आठवडा एकदा जून 1760 मध्ये पडतो आणि पुन्हा मे 1761 अखेरीस. मधे पानिपत होऊन गेलेलं! 'छ 25 सवाल' एवढ्यावर निकाल देऊ नका. सोबत वार किंवा तिथी असेल तर जंत्रीत, म्हणजे तारखांच्या तुलनात्मक कोष्टकात, ताडून बघा, नसेल तर मजकुरातल्या माणसांवरून ठरवा. तरीही ठरलं नाही, तर दोन्ही तारखा लिहून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

फसली सन वेगळा. तोही मृगालाच बदलतो, पण त्यात 590 किंवा 591 मिळवायचे. फसली सुहूर समजून वाचलात की नऊ वर्षांची चूक. इंग्रजी अमदानीतल्या महसुली कागदांत फसली हटकून भेटतो. सलास (3) आणि सलासीन (30), सबा (7) आणि सबैन (70) या जोड्या घाईत हमखास फसवतात. माथ्यावर 'पै॥' दिसला तर ती पत्र पोचल्याची तारीख, लिहिल्याची नव्हे.

गाव आजच्या तालुक्याखाली शोधू नका. मुळशीतलं गाव पौड खोऱ्यात किंवा मुठे खोऱ्यात सापडेल. आधी तर्फ, परगणा, प्रांत हे तेव्हाचे मुलखाचे विभाग काढा आणि मग रुमालाची मागणी करा. त्याही आधी इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले दफ्तराचे 45 छापील खंड चाळा. मात्र त्यांत भर राजकारणावर आहे. पाटीलकीचा तंटा, पड जमिनीची लावणी, गावखर्च हे सगळं रुमालांतच पडून आहे.

पुराभिलेख विभागाचा मोडी वर्ग जरूर करा, पण दहा दिवसांत पेशवाई कारकुनाचा हात वाचता येत नाही. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो. पहिले काही आठवडे अर्धं पान सुटलं तरी पुष्कळ झालं, नाउमेद होऊ नका. एकाच कारकुनाचे कागद सलग घ्या, त्याचं वळण डोळ्यांत बसतं. पैसे देऊन लिप्यंतर करून घेणं मला मुळीच पटत नाही. दुसऱ्याने सबैनचा सबा केला तर तुम्हाला तो पकडता येणार नाही. मार्गदर्शक शोधायचाच तर शेजारी बसून तुमचं वाचन दुरुस्त करणारा शोधा, उतारा हातात देणारा नको.

टिपण काढताना मूळ ओळ जशीच्या तशी उतरवा. तारीख मूळ शब्दांत लिहा, तिच्याखाली तुमचं रूपांतर आणि शेजारी दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक. नुसतं '1761' लिहून ठेवलंत, तर पुढच्या वर्षी शंका आली की पुन्हा तोच रुमाल मागवावा लागतो.